केसपेपर कोणी पाहिला?

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात बोथ हे गाव आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा त्या वेळच्या बोथ तालुक्याचा इस्लापूर विभाग आणि शेजारचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. बोथ मात्र तेलुगू मुलखात राहिले. तेथल्या मराठी आणि गोंडी बोलणाऱ्या माणसाला आपण कोण हे कागदावर पटवून देण्याची तेव्हापासून जणू सवयच जडली आहे. एका दप्तरात त्याचे नाव तेलुगूत, दुसऱ्यात मराठीत, तिसऱ्यात इंग्रजीत. तेलुगू रीतीने आडनाव आधी, मराठी रीतीने शेवटी. दुखणे बळावले की त्याने आदिलाबादला २००८ साली निघालेल्या राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात जावे. तेथे भागले नाही तर हैदराबाद, नाहीतर सीमा ओलांडून यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर गाठावे. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच: तू कोण? आधार दाखव, शिधापत्रिका दाखव, आणि आता चौदा आकडी आभा क्रमांक सांग.

गोव्याच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीला येतो, आणि २०१८च्या जानेवारीपासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा तोही याच प्रश्नापुढे उभा राहिला होता. रुग्णाने आपली ओळख पटवावी यात गैर काही नाही. आमचा प्रश्न उलट दिशेचा आहे. त्या रुग्णाचा केसपेपर आता संगणकात जाऊ लागला आहे. तो जो उघडतो त्याला ‘तू कोण, आणि या रुग्णाशी तुझे काय काम?’ असे विचारणारे कोणी आहे काय?

खाजगी दवाखान्यात माणसे मोजकी आणि नेहमीची असतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची गोष्टच वेगळी. तेथे विद्यार्थी शिकतात, इंटर्न वर्षभर या विभागातून त्या विभागात फिरतात, निवासी डॉक्टर तीन वर्षांनी जातात, परिचारिकांची पाळी दिवसातून तीनदा बदलते, कंत्राटी कारकून येतात आणि जातात. तोच माणूस सकाळी वॉर्डात वैद्य, दुपारी वर्गात शिक्षक आणि सायंकाळी संशोधक असतो. वॉर्डातील रुग्णाची नोंद उपचारासाठी पाहण्याचा त्याचा अधिकार निर्विवाद आहे, पण तीच नोंद प्रबंधासाठी चाळण्याचा अधिकार त्यातून आपोआप निघत नाही. कागदी केसपेपर एका वेळी एकाच हातात असे आणि तो हात दिसे. संगणकातील केसपेपर एकाच वेळी दहा जण उघडू शकतात आणि त्यांतला एकही दिसत नाही.

यावर उपाय ठरलेला आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, द्यायची. त्या किल्लीने त्याच्या कामापुरतीच दारे उघडायची. काम बदलले की दारे बदलायची, संस्था सोडली की किल्ली परत घ्यायची. आणि कोणी, केव्हा, कोणते दार उघडले याची नोंद ठेवायची. तत्त्वतः हे कोणीच नाकारीत नाही. व्यवहारात काय घडते? मध्यरात्री अपघाताचे चार रुग्ण एकदम येतात, संगणक एक, निवासी डॉक्टर दोन. प्रत्येकाने बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाने आत शिरायचे तर मिनिटे जातात. मग विभागाचा एक पासवर्ड ठरतो, तो चिठ्ठीवर लिहिला जातो आणि चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटते. आम्ही हे कोणा एका संस्थेबद्दल लिहीत नाही. अपुरी माणसे आणि अपुरी यंत्रे जेथे असतील तेथे हे होणारच. त्या डॉक्टरांना बेफिकीर म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. नियम पाळण्याने रुग्णाला उशीर होत असेल, तर मोडला जातो तो नियमच. म्हणून कार्ड टेकवताच संगणक उघडेल अशी सोय आधी द्यावी आणि शिस्त मग मागावी.

तातडीच्या वेळी अधिकार नसलेल्यालाही नोंद उघडता आली पाहिजे, यात शंका नाही. आगगाडीतील साखळी कोणालाही ओढता येते. मात्र ओढणाऱ्याला कारण सांगावे लागते. येथेही तोच न्याय हवा.

ढिलाईची किंमत काय असते हे दिल्लीच्या ‘एम्स’ने २०२२ साली दाखवून दिले. २३ नोव्हेंबरला तेथील संगणकयंत्रणा कोणी तरी कुलूपबंद केली आणि देशातील त्या अग्रगण्य शिक्षण-रुग्णालयाला सुमारे पंधरवडाभर हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. पाच सर्व्हर बाधित झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. जाळ्याचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारणही दिले. म्हणजे एका खोलीत शिरलेल्याला सारा वाडा मोकळा होता! अमेरिकेतील ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीत २०२४ साली चोर आत आले ते चोरलेल्या पासवर्डाने, आणि त्या दारावर दुसरी पडताळणी नव्हती. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात गुंतली.

पण बोथच्या माणसाला परदेशी चोरापेक्षा शेजारचा ओळखीचा माणूस अधिक महाग पडू शकतो. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३मध्ये सुरू झाली असून आदिवासी भागांत घाऊक तपासण्या होत आहेत. समजा, बोथच्या एखाद्या गोंड मुलीच्या रक्तात तो दोष वाहक स्वरूपात आढळला. तिला स्वतःला काहीही आजार नाही. लग्न ठरवताना ही माहिती उपयोगी आहे, पण ती केव्हा आणि कोणाला सांगायची हे तिने ठरवायचे. रुग्णालयात कामाला असलेल्या गावच्या एखाद्याने कुतूहलाने तिची नोंद उघडली, तर सोयरीक मोडायला तेवढे पुरे. क्षयाचे, एचआयव्हीचे, मानसिक आजाराचे हेच. कुतूहल हा काही खेड्याचाच दोष नव्हे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी गायिका ब्रिटनी स्पीअर्सची कागदपत्रे विनाकारण चाळल्याचे २००८ साली उघड झाले, आणि अशा प्रकरणांच्या तडजोडीपोटी त्या संस्थेला २०११ साली ८ लाख ६५ हजार ५०० डॉलर भरावे लागले. तेथे ते कळले, कारण कोणी काय उघडले याची नोंद होती.

आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. प्रवेशावर नियंत्रण ठेवा, नोंदी एक वर्ष जपा, असे ते सांगतात. हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तथापि एक उणीव आम्हांस खटकते. आपली माहिती दुसऱ्या कोणत्या संस्थांना दिली हे या कायद्याने रुग्ण विचारू शकतो. संस्थेच्या आत ती कोणी पाहिली हे विचारण्याचा स्पष्ट हक्क त्याला नाही. अध्यापक महाविद्यालयात हजर आहेत की नाहीत हे त्यांचा चेहरा टिपून पाहण्याची व्यवस्था राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२५मध्ये आणली. तेवढीच तत्परता केसपेपर पाहणाऱ्याविषयी दाखविणे अशक्य नाही. रुग्णाने मागताच त्याची नोंद पाहणाऱ्यांची यादी त्याला वाचता येईल अशा भाषेत, बोथच्या बाबतीत तेलुगूबरोबर मराठीतही, मिळावी.

नियमांतील मुख्य बंधने मे २०२७पासून लागू व्हायची आहेत. तोवर थांबण्याचे कारण नाही. महाविद्यालय सोडणाऱ्या विद्यार्थ्याकडून ‘ना देय’ दाखला घेतला जातो; ग्रंथालयाचे पुस्तक, वसतिगृहाची खोली, खानावळीचे बिल, सारे तपासून सह्या होतात. संगणकातील त्याचे नाव बंद झाले, अशी एक ओळ आणि एक सही त्याच कागदावर वाढवावी. बांबोळीपासूनही आरंभ करता येईल.