वासावर जाऊ नका

गेल्या भाऊबीजेला ताईकडे गेलो, तेव्हा भाचा कॅलिफोर्नियाहून आला होता. ओवाळून झाले, फराळाच्या बशा आल्या आणि गप्पा निघाल्या त्या चक्क गांजाच्या! तिकडे २०१८ पासून २१ वर्षांवरील माणसाला तो राजरोस दुकानात मिळतो.

"मामा, 'ब्लू ड्रीम' नावाचा एक संकरित वाण आहे. त्याच्या वासात काय असतं, ठाऊक आहे? आंब्यातलं मिरसीन आणि मिरीतलं कॅरिओफायलीन!"

"मग त्यात वाईट ते काय?" ताई म्हणाली, "सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच की!"

भाचा मान खाली घालून चिवडा चिवडू लागला. मग हळूच म्हणाला, "मीही असंच समजलो होतो. त्याच मालाची जेलीची गोळी खाल्ली. अर्ध्या तासात काही वाटेना, म्हणून दुसरी खाल्ली. मग रात्रभर छाती धडधडत होती. वाटलं, आता आई काही दिसत नाही."

ताईच्या हातातला डबा हातातच राहिला.

वाचकहो, मी मराठीचा मास्तर. रसायन हा माझा प्रांत नव्हे. तरी घरी येऊन पुस्तके चाळली. सुवास देणारी टर्पीन द्रव्ये निराळी आणि नशा आणणारे टीएचसी निराळे. हे टीएचसी १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात त्याचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते. २०१४ साली ते १२ टक्क्यांच्या घरात गेले. शिवाय पोटातून गेलेली नशा चढायला कधी दोन तासही लागतात. उतावळा माणूस फसतो तो तेवढ्यात!

आपल्या भाषेने हा हिशेब केव्हाच मांडून ठेवला आहे. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, राळेचा तो चरस. चढत्या जोराचे तीन शब्द! 'ब्लू ड्रीम' या गोड नावातून मात्र जोराचा पत्ता लागत नाही.

त्या दिवशी ताई रागावेल असे मला वाटले होते. तिने भाच्याच्या बशीत एक लाडू ठेवला आणि एवढेच म्हणाली, "पुन्हा कधी असा घाबरलास, तर इथे किती वाजलेत ते बघू नकोस. आधी मला फोन कर."

भाऊबीजेची ओवाळणी मी घातली खरी. पण त्या दिवशीची खरी ओवाळणी भाच्याला मिळाली.