सावलीची वाटणी

जून जवळ आला की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या एमआयडीसी पट्ट्यात एक ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. कंपनीची बस येते, एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले पन्नास-साठ कर्मचारी उतरतात, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत रोपं जातात, बॅनर धरून फोटो निघतो, नाश्त्याची पाकिटं वाटली जातात. खड्डे खणणारे कंत्राटी कामगार फोटोत नसतात. पुढच्या जूनमध्ये बऱ्याचदा तेच खड्डे पुन्हा कामाला येतात. राज्य सरकारचाही हा खेळ मोठ्या प्रमाणावर खेळून झाला आहे: २०१६ मध्ये २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये थेट ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट.

आता या कार्यक्रमांची निमंत्रणं आपल्या वस्त्यांतल्या मंडळांकडे आणि विहार समित्यांकडेही येऊ लागली आहेत. तुमच्याकडे पोरं आहेत, आमच्याकडे रोपं आहेत, फक्त जागा दाखवा, असा निरोप असतो. यावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मतं पडतात. एक म्हणतं, घ्या, वस्तीत काहीतरी चांगलं होतंय, पेपरात नाव येईल. दुसरं म्हणतं, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, आपल्यापुढे अत्याचार, आरक्षण, खाजगीकरण, बेरोजगारी असे जगण्यामरणाचे प्रश्न आहेत. आम्हाला दोन्ही मतं मान्य नाहीत. पहिलं मत भीक स्वीकारतं, दुसरं मत हक्क सोडून देतं.

या शहरात सावली कुठे आहे आणि कुठे नाही, ते आधी बघू. निगडी प्राधिकरणात सकाळी फिरायला जा. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना वाढलेली झाडं, प्रत्येक सेक्टरला उद्यान. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं ते औद्योगिक कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. आज त्या प्लॉटांचे भाव विचारून बघा आणि कोणता कामगार तिथे राहतो ते शोधा. तिथून थोड्या अंतरावर ओटा स्कीम आहे. पुढे चिंचवडची लिंक रोड पत्राशेड, पिंपरीचं भाटनगर, संजय गांधीनगर, भोसरीचं बालाजीनगर, शांतीनगर. पत्राशेड हे नावच पुरेसं बोलकं आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून घरकाम करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला झोपू देण्यासाठी पोरांना गल्लीत बसवणाऱ्या बाईला सावली म्हणजे काय ते विचारा. तिला तापमानवाढीवर व्याख्यान नको आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजार, त्यात अनुसूचित जातींचे लोक पावणेतीन लाखांच्या घरात. त्यातला मोठा भाग झोपडपट्ट्यांत, पुनर्वसनाच्या इमारतींत आणि चाळींत आहे. महापालिकेच्या स्वतःच्या नोंदीत घोषित-अघोषित मिळून ७१ झोपडपट्ट्या आहेत. यातल्या किती वस्त्यांना चालत जाता येईल असं उद्यान आहे? हा प्रश्न माहिती अधिकारात विचारायला कोणालाही अडचण नाही.

जून २०२५ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे हरित कर्जरोखे काढले. मुंबईच्या शेअर बाजारात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घंटा वाजली. त्या पैशांतून ‘हरित सेतू’ नावाचा पायी चालण्याचा आणि सायकलचा प्रकल्प होणार, आणि टेल्को रस्त्याचं रूप पालटणार. हरित सेतूची सुरुवात कुठून? निगडी प्राधिकरणातून. सायकलमार्ग वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पण या शहरात सायकल कोण चालवतं? मोरवाडीच्या चौकात सकाळी सहाला उभं राहा, डबा लटकवून पाळीला निघालेले लोक दिसतील. कर्ज सगळ्या शहराच्या नावावर आणि पहिली सावली ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना, याला आम्ही वाटणीचा प्रश्न म्हणतो.

झाडाच्या आधी पाणी येतं. नोव्हेंबर २०१९ पासून या शहरात दिवसाआड पाणी आहे. ज्यांच्याकडे इमारतीखाली टाकी आहे त्यांना फरक कमी पडतो. ज्यांची साठवण दोन पिंपं आणि चार हंड्यांची आहे, त्यांना रोप जगवायला सांगणं हा क्रूर विनोद आहे. एका वस्तीत एका मावशींनी आम्हाला सरळ सांगितलं, "दादा, झाड लावा की, पण पाणी घालायला तुम्ही या." वृक्षारोपणाच्या सगळ्या अहवालांपेक्षा हे वाक्य जास्त शास्त्रीय आहे. आणि शहरात येणारं पाणी तरी कोणाचं? पवना धरणातून बंद जलवाहिनी नको म्हणणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. शहराच्या हिरवळीचा हिशोब मांडताना तेही पान उघडं ठेवलं पाहिजे.

आता घाणीकडे येऊ, कारण हिरवळीचं राजकारण घाणीच्या राजकारणाशिवाय कळत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, तेव्हा ते बाटलं नव्हतं. आपल्या लोकांचा हात लागला तसं ते बाटलं आणि पंचगव्याने शुद्ध करावं लागलं. म्हणजे प्रदूषण कशाने होतं हे ठरवण्याआधी प्रदूषण कोण करतं हे ठरलेलं होतं. आजच्या शहरी पर्यावरणवादात हा विटाळ फक्त भाषा बदलून आला आहे. नदीकाठची झोपडी दिसली की ‘नदीचा श्वास कोंडला’ अशी बातमी होते. कारखान्यांचं रासायनिक पाणी आणि महापालिकेच्या नाल्यांतून प्रक्रियेविना सुटणारं मैलापाणी यांना चेहरा नसतो. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो तो भाटनगरातल्या बायकांच्या धुण्याचा नसतो. भाटनगर तर पवनेच्या काठावर आहे, पण दोष देणाऱ्यांना नकाशा लागत नाही. पवना धरणातून विसर्ग वाढला की त्याच काठावरची घरं पहिल्यांदा पाण्यात जातात, आणि पाणी ओसरलं की चिखलासोबत अतिक्रमणाची नोटीसही येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत आठवडाभर बुलडोझर चालले. चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली गेली, त्यात बहुसंख्य भंगाराची गोदामं आणि छोटे कारखाने. आगी लागत होत्या, धूर होत होता, हे खरं आहे आणि तिथे राबणाऱ्यांच्याच फुप्फुसांत तो धूर सगळ्यात आधी जात होता. पण या पट्ट्यातल्या कारखान्यांचा पुठ्ठा, प्लास्टिक, लोखंड, लाकडी पेट्या वेगळ्या होऊन पुन्हा वापरात जायच्या त्या याच ठिकाणाहून. ज्याला परिषदांमध्ये चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, ती इथे मळक्या कपड्यांत उभी होती. तिला सुरक्षित जागा, अग्निशमन यंत्रणा, परवाने देऊन उभं करता आलं असतं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ मे २०२५ ला, त्याच चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश जुलै २०२४ चा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब मे २०२५ मध्ये. त्या कुटुंबांबद्दल आम्हाला आकस नाही, घर पडताना बघणं काय असतं ते आपल्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको. पण बंगल्यांच्या वेळी लोक ‘आयुष्यभराची कमाई’ म्हणाले आणि गोदामांच्या वेळी ‘साफसफाई’ म्हणाले. हा फरक पूररेषेने पाडलेला नाही.

तसंच कचरा डेपोचं. पुनावळे इथे होऊ घातलेल्या डेपोविरोधात तिथल्या सोसायट्या रस्त्यावर उतरल्या, झाडांना मिठ्या मारल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा विधिमंडळात झाली. लोकांनी संघटित होऊन मिळवलेला विजय आहे तो, त्यातून शिकावं. मोशीचा डेपो मात्र तीन दशकांहून अधिक काळ सगळ्या शहराचं ओझं वाहतोच आहे. त्या ओझ्यातून दोन पैशांचं भंगार वेचणारे हात बहुतांश कोणाचे? १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाड्यातून आलेल्या मातंग, बौद्ध आणि इतर दलित बायकांचे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि या दोन्ही शहरांतल्या कचरावेचकांना तिने कामगार म्हणून ओळख मिळवून दिली. पर्यावरण दिनाच्या व्यासपीठावर सत्काराला यांच्यातली किती जणी असतात, ते येत्या ५ जूनला मोजा.

मग दान नावाची गोष्ट आपण टाकून द्यायची का? आमचं उत्तर नाही असं आहे. देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वरच्या डोंगरावर शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखात एका लेण्याचं दान नोंदवलं आहे. दान देणारी धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याची, नांगर धरणाऱ्याची, बायको आहे आणि सोबत तिचा मुलगा. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात दाता राजा नव्हता, कष्टकरी बाई होती. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात पुण्य कोणाचं वाढतं असं विचारलं आहे. उत्तरात बागा आणि वनं लावणारे येतात, आणि त्यांच्याच ओळीत पूल बांधणारे, पाणपोई आणि विहीर देणारे, निवारा देणारे येतात. झाड, पाणी आणि घर एकाच श्वासात. झाडासाठी घर उठवा हे तर्कट धम्मात बसत नाही. त्याच डोंगराच्या पायथ्याकडे देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपले लोक दरवर्षी तिथे हजारोंनी जातात. घोरावडेश्वरवर पाण्याचे कॅन वाहून झाडं जगवणारे नागरिक आहेत, त्यांचं काम मोलाचं आहे. आपण त्या डोंगराशी आपलं नातं फक्त लेण्यांच्या फोटोपुरतं का ठेवावं?

कंपन्यांचा पैसा मात्र दान नाही, हे पाठ करून ठेवा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत, आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. सातव्या अनुसूचीत पर्यावरण आहे, सामाजिक-आर्थिक मागासांची विषमता कमी करणं आहे आणि ऑगस्ट २०१४ पासून झोपडपट्टी क्षेत्राचा विकासही आहे. २०२१ च्या नियमांनुसार, दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणं बंधनकारकच आहे ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. म्हणजे पर्यावरण परवानगीच्या अटीत लावायची झाडं आपल्या वस्तीच्या नावावर खपवता येणार नाहीत. आणि प्रकल्प सुरू केलेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालवायची मुभा त्याच नियमांत आहे. त्यामुळे "आमचं बजेट एका दिवसाचं आहे" असं कोणी सांगितलं तर हसून नियम पुढे करा.

म्हणून निमंत्रण आलं तर आमच्या मते अटी अशा असाव्यात. जागा वस्तीची बैठक ठरवेल आणि त्या बैठकीत बायका निम्म्याहून जास्त असतील. तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम लेखी मिळेल आणि त्यातून वस्तीतल्याच बायकांना रोजगार मिळेल, स्वयंसेवा म्हणून फुकट राबवून घेतलं जाणार नाही. पाण्याची सोय आधी, रोप नंतर. चार फुटांच्या गल्लीत वड लागणार नाही हे उघड आहे, तिथे पत्र्यावर दुधी-दोडक्याचे वेल चढवा, शेवगा लावा. कडुनिंब, करंज, बहावा यांच्यासाठी शाळेचं मैदान, अंगणवाडी, विहाराचं आवार, सार्वजनिक शौचालयाची मागची बाजू शोधा. आणि ज्या कंपनीचा बॅनर असेल तिला तिच्या कंत्राटी कामगारांच्या पगाराबद्दल विचारायला लाजू नका. चाकणच्या खराबवाडीत, नाणेकरवाडीत, महाळुंग्यात एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. नांदेड, हिंगोली, परभणीहून आलेली आपलीच पोरं आहेत ती. त्यांच्या खोल्यांभोवती एक झाड नाही आणि कारखान्याच्या गेटमध्ये हिरवळीवर फवारे उडत असतात.

खेड तालुक्यातल्या साथींसाठी एक वेगळी सूचना. गायरानावर वृक्षलागवडीचा ठराव ग्रामसभेत आला की हात वर करण्याआधी त्या गटावर कोण कसतंय, कोण राहतंय ते तपासा. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून गायरान हा आपल्या भाकरीचा प्रश्न आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे आणि त्याची अंमलबजावणी आजही अर्धवट आहे. तारेचं कुंपण आणि त्याच्या आत चारशे रोपं, ही माणूस हटवण्याची सगळ्यात सभ्य पद्धत झाली आहे.

शहरातल्या साथींसाठी काम सोपं आहे आणि ते पावसाळ्यापूर्वी होऊ शकतं. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावणं त्यात आलं आहे. मेट्रोसाठी, रस्ता रुंदीकरणासाठी तुमच्या प्रभागात किती झाडं गेली, त्यांच्या बदल्यातली कुठे लागली, आज किती जिवंत आहेत, याची यादी वृक्ष प्राधिकरणाकडे मागा. बहुतेक वेळा उत्तर दुसऱ्याच टोकाचा पत्ता देईल. मग ती झाडं त्याच प्रभागात, वस्तीच्या दोनशे मीटरच्या आत हवीत, अशी लेखी मागणी करा. अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून कामं मागवते, त्यात गेटवरच्या कमानी आणि पेव्हर ब्लॉकऐवजी नळजोड, सावली आणि बसायचे कट्टे टाका. २०२५ च्या प्रारूप विकास आराखड्यावर हजारो हरकती गेल्या. त्यात आपल्या वस्तीवर कोणतं आरक्षण पडलं आहे ते नकाशावर बोट ठेवून बघा, आणि तो नकाशा रविवारच्या वंदनेनंतर विहारात सगळ्यांपुढे उलगडा. एका जणाला नकाशा वाचता येत असेल तर त्याने उरलेल्या दहा जणांना शिकवावं. गट नंबर, आरक्षण क्रमांक, पूररेषेचा रंग, एवढं एका सकाळी शिकून होतं.