कॅमेरा धरू द्या पोरांना

शाळेतल्या पोरांनी घाणेरी, गाजरगवत असल्या तणांवर चित्रफिती काढाव्यात असं कुणी सुचवलं, की पहिली हरकत ठरलेली: आधी नीट वाचायला शिकवा, मग सिनेमाचं बघू. नंदुरबारच्या बाबतीत ही हरकत आकडा हातात घेऊनच येते. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. आकडा खरा आहे, पण निष्कर्ष उलटा काढला जातो. जिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांना वनखात्याचा फलक वाचता येत नाही, तिथे नातवाने पावरीत किंवा भिलीत बोलून दाखवलेली पाच मिनिटांची फीत पोहोचते. तेलंगणात झहीराबादजवळ डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायांनी बियाण्यांवर आणि बीटी कापसावर चित्रपट काढले. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. त्यांना जमलं ते सातवीतल्या मुलीला का जमू नये?

हे परदेशी खूळ आहे, असंही म्हणतात. परदेशी आहे ते तण! घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत लावली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार तिने देशातलं दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्र व्यापलं आहे. गाजरगवताची नोंद १९५५च्या सुमारास पुण्यात झाली. किडींमध्ये अमेरिकन लष्करी अळी तर अगदी अलीकडची: मे २०१८मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यात घुसली. तिच्या डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. मका पिकवणाऱ्या घरातल्या पोराने साध्या मोबाइलवर ही खूण जवळून टिपली, तर बापाला ती पत्रकापेक्षा लवकर कळेल. चित्रीकरणाला नेटवर्कही लागत नाही, त्यामुळे जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडची नेटवर्क नसल्याची नेहमीची सबबही टिकत नाही.

फिल्म काढून झुडूप उपटतं का? नाही उपटत. पण श्रमदानाच्या नावाखाली पोरांना उघड्या हातांनी गाजरगवत उपटायला लावणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा, ही गंमतच आहे. त्या गवताने त्वचेला खाज सुटते, चट्टे उठतात, काहींना दम्याचा त्रास होतो. लहान हातांत खुरप्यापेक्षा कॅमेरा बरा.

एक हरकत मात्र वजनदार आहे. मुलांच्या नावावर निघणाऱ्या पुष्कळ फिती गुरुजींनी लिहिलेल्या असतात: रोप, झारी, घोषणा, शेवटी टाळ्या. रोप कसलं, हे कुणी विचारत नाही. सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही परकी झाडं आपण मोठ्यांनीच हौसेने लावली, आणि पोरांच्या फितीत नेमकं हेच गाळलं जातं. असल्या फिती न काढलेल्याच बऱ्या.

काम वेगळं आहे. एकच उतार निवडावा आणि तो मोहफुलं वेचायच्या दिवसांत, पहिल्या पावसानंतर आणि दिवाळीत त्याच जागेवरून टिपावा. घाणेरीच्या जाळीखाली गवत उगवतं का, शेळ्या तिला तोंड लावतात का, वणवा तिथे कसा भडकतो, हे आजीला विचारावं. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरं येतात आणि पिकली फळं पक्षी खातात. तेही दाखवावं, कारण बी पसरतं ते असंच. वर्षभरात हाती येते ती तारीखवार नोंद. वनहक्क कायदा, २००६ने ग्रामसभांना सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. कुठली घाणेरी आधी काढायची आणि तिथे काय लावायचं, हे ठरवताना अशी नोंद हाताशी असावी.

सातपुड्याला कॅमेरा काही नवा नाही. मणिबेलीचा नर्मदेवरच्या धरणाविरुद्धचा लढा बाहेरच्यांनी टिपला. २०१०मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड जिल्ह्यातल्याच टेंभलीत दिलं गेलं, तेव्हाही कॅमेऱ्यांची गर्दी झाली. भिंगाच्या मागे मात्र इथलं पोर क्वचितच असतं.

म्हणून मुख्याध्यापकांना एकच विनंती. १५ ऑगस्टला गावोगावी ग्रामसभा भरते आणि १६ तारखेपासून देशभर गाजरगवत जागृती सप्ताह सुरू होतो. शाळेत एखादा मोबाइल असतोच. तो जूनमध्ये पोरांकडे द्या, आणि त्यांची पहिली फीत भाषणांच्या आधी, सरपंचांसमोर दाखवा.