धान्य एक, पेवे दोन

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री सरकारी माहिती केंद्राला आग लागली. बॅटऱ्या पेटल्या आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. ‘जी-ड्राइव्ह’ हे सरकारी कर्मचाऱ्यांचे सामायिक साठवणघर तर जळूनच गेले. त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि बाहेर तिची प्रत नव्हती! साठा फार मोठा, म्हणून प्रत ठेवता आली नाही, असे कारण तेथील सरकारने दिले.

मग इतकी माहिती एका जागी ठेवायचीच कशाला? या प्रश्नाला सबळ उत्तर आहे. पूर्वी कंपनीतील प्रत्येक सर्व्हरची डिस्क वेगळी असे. घरोघरच्या कणग्यांसारखी एकाची भरून वाहे, दुसऱ्याची रिकामी राही. सर्व्हर बंद पडला की त्यातली माहितीही अडकून पडे.

१९९० च्या दशकाअखेरीस उद्योगजगताने यावर ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’, थोडक्यात ‘सॅन’, हा उपाय स्वीकारला. साऱ्या डिस्क एका कोठारात ठेवायच्या आणि सर्व्हर त्यांना स्वतंत्र जाळ्याने, बहुधा काचतंतूंच्या केबलने, जोडायचे. प्रत्येक सर्व्हरला वाटते, डिस्क आपलीच. जागा गरजेप्रमाणे वाटता येते, कामकाज न थांबवता वाढवता येते. एक सर्व्हर पडला, तर दुसरा तीच माहिती घेऊन काम पुढे नेतो.

मात्र येथेच एक गैरसमज होतो. कोठारात माहिती दोन डिस्कवर लिहिलेली असते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. पण ही आरशातली प्रतिमा झाली. चुकून एक फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून पुसली जाते. खोली जळाली, तर दोन्ही डिस्क जळतात. शिवाय सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या पावसात एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाणी पडले होते. आपल्याला आगीइतकाच पाण्याचाही हिशेब धरला पाहिजे.

माझ्या मते सामायिक कोठाराचा खर्च मांडतानाच दूरच्या दुसऱ्या प्रतीचा खर्च धरला पाहिजे. ती परवडत नसेल, तर कोठारही परवडत नाही, असेच समजावे. आपली ठेव ज्या बँकेत वा पतसंस्थेत आहे, तेथे व्याजदराबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारा : आमच्या खात्याची दुसरी प्रत कोणत्या गावी आहे? आणि ती उघडते की नाही, हे शेवटचे कधी पाहिले?