गियरच्या सायकलला टायर कोणता घ्यावा?

आपल्या वस्त्यांतून ती जुनी काळी उंच सायकल आता फारशी दिसत नाही. दारात उभी असते ती जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, मुलाने हट्ट करून घेतलेली सायकल. घरात सगळे तिला 'गियरची' म्हणतात, मग गियर असोत की नसोत. रोजच्या वापराने तिचे टायर झिजतात आणि दुकानात गेल्यावर प्रश्न पडतो. भिंतीवर दहा प्रकार टांगलेले, यातला कोणता घ्यायचा?

गेल्या पावसाळ्यात एका भगिनीने मला हेच विचारले. मुलगा आयटीआय करून कारखान्यात लागलेला. घरापासून दीड किलोमीटर मुरुमाचा रस्ता, पुढे आठ किलोमीटर डांबर, शेवटी कारखान्याच्या आवारात खडी. पहिली पाळी सातची. उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार गेला. मुलगा म्हणतो, मोठ्या ठोकळ्यांचा टायर घेऊ, चिखलात घसरणार नाही. घ्यावा का?

मी म्हणालो, घेऊ नका.

ही सायकल मुळात अमेरिकेतली. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन भागातल्या तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगराच्या मातीच्या वाटांवरून खाली सोडायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ही डोंगरी सायकल आणि तिचे ठोकळ्यांचे टायर आले. भुसभुशीत मातीत ठोकळा रुततो आणि पकड देतो. डांबरात तो रुतणार कुठे? तो नुसता वाकतो, भर्रर्र आवाज करतो आणि झिजतो. मुलाने पायातून काढलेला जोर त्या वाकण्यात वाया जातो. आठ तास उभ्याने काम करून परत येणाऱ्या मुलाच्या पायांना हा हिशेब कळतो, दुकानदाराला कळत नाही.

पावसाळ्यात गुळगुळीत टायर घसरतो, हा समज घरोघरी आहे. मोटारीच्या बाबतीत तो खरा आहे. रुंद टायर आणि मोठा वेग असला की खाली पाण्याचा थर साचतो, तो नक्षीतून बाहेर काढावा लागतो. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, वेगही कमी. पाणी आपोआप बाजूला होते. ओल्या डांबरावर पकड देते ते रस्त्याला टेकलेले रबर, आणि विरळ ठोकळ्यांच्या टायरचे फार थोडे रबर टेकते. माझा भाचा असाच नवे ठोकळ्यांचे टायर घालून भर पावसात सिमेंटच्या रस्त्यावर वळला आणि आडवा झाला. मनगटाला प्लास्टर, तीन आठवडे काम बंद. टायर मात्र दिसायला झकास होता!

मग घ्यावा कोणता? बोट फिरवून बघा. टायरच्या मधोमध सलग पट्टी किंवा अगदी जवळजवळ बसवलेली बारीक नक्षी हवी, आणि दोन्ही कडांना थोडे उठावाचे ठोकळे. सरळ डांबरावर मधली पट्टी चालते. मुरुमात टायर थोडा रुतला किंवा वळणावर कलला की कडेचे ठोकळे कामाला येतात. रुंदी १.७५ ते २ इंच पुरे. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर, मुंबईतल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, एमआयडीसीच्या खडीवर हाच टायर बऱ्यापैकी निभावतो. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचे मात्र वेगळे. भर पावसात ती माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाकच फिरत नाही. तिथे कोणत्याही टायरचे चालत नाही. उतरावे, काडीने माती काढावी आणि पक्क्या रस्त्यापर्यंत सायकल हातात धरून न्यावी.

आता मापाचे. इथे फसगत फार होते. जुन्या टायरच्या कडेला २६ × १.९५ असे काहीतरी कोरलेले असते. नुसते 'सव्वीसचा द्या' म्हणू नका. २६ × १⅜ हेही सव्वीसच, पण ते लेडीज सायकलच्या वेगळ्या रिमचे माप. अपूर्णांकाचा टायर दशांशाच्या रिमवर बसत नाही. त्याच कडेला ५०-५५९ असा दुसरा आकडाही असतो. पहिला रुंदी सांगतो, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. साडेसत्तावीस इंचीला ५८४, एकोणतीस इंचीला ६२२. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. रुंदी थोडी कमी-जास्त चालते, फक्त टायर फ्रेमला किंवा ब्रेकला घासता कामा नये. आकडा कागदावर लिहून घेऊन जावे.

महिनाअखेरीला दोन टायरचे पैसे नसतात, हे मला माहीत आहे. मागचा टायर आधी झिजतो, म्हणून लोक नवा आणून मागेच टाकतात. तसे करू नये. मागचे चाक घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खाली आलाच. म्हणून पुढचा टायर धड असेल तर तो मागे घ्यावा आणि नवा पुढे बसवावा. दुकानदार दोन चाके उघडायचे जास्त पैसे मागेल, ते द्यावेत. चिरलेल्या टायरला आतून गेटर लावून आपण महिना-दोन महिने काढतो, मीही काढले आहेत. पण ते मागच्या चाकाला. पुढे गेटर नको, आणि कापड दिसू लागलेला टायर तर नकोच.

हवेला खर्च नाही, पण दुर्लक्ष तिच्याकडेच जास्त. कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पीएसआय, हे बहुतेक टायरवर छापलेले असते. डांबर जास्त असेल तर वरच्या आकड्याच्या जवळ राहावे, मुरुम-खडी जास्त असेल तर थोडे खाली यावे. मागे थोडी जास्त, कारण वजन मागे पडते. कॅरिअरवर बहीण किंवा गॅसची टाकी असेल तर आणखी थोडी. फार कमी हवेत खड्डा बसला की रिम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. पंक्चरवाल्याने अशी जोडी दाखवली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. काटा मोडून आत राहिला असेल तर मात्र तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू देऊ नका. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवला की तो कापडाला अडकतो.

त्या भगिनीच्या मुलाने शेवटी मधल्या पट्टीचा टायर पुढे घातला. मागे जुनाच आहे, दिवाळीच्या बोनसवर बदलू म्हणतो. टायर बसवून घेताना कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहावे. त्याचा उलटा बसला होता, परत काढावा लागला.