अन्नछत्र उघडले, वही उघडली नाही

लोधीखेडे मध्यप्रदेशात असले, तरी तेथील बाजारात आणि कीर्तनात मराठी नांदते. १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत सौसर-पांढुर्ण्याची राजधानी नागपूरच होती. राज्यपुनर्रचनेने मध्ये रेषा ओढली, आणि या भागातून नागपूरला मजुरीस जाणारी स्त्री कायद्याच्या भाषेत परराज्यातील ठरली. डोईवरचे घमेले तेच राहिले. हक्क मात्र सीमेवर अडकला.

२०२०च्या मार्चात या रेषेची भिंत झाली. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी पुकारली गेली, कामे थांबली, मजूर पायी घराकडे निघाले. त्या मे महिन्यात नाशिकहून सतन्याकडे निघालेली एक मजूर स्त्री रस्त्याच्या कडेला प्रसूत झाली. थोडा विसावा घेऊन, तान्हे मूल छातीशी धरून, सुमारे दीडशे किलोमीटर चालत ती बिजासनच्या नाक्यावर पोहोचली. बाळंतिणीस पगारी रजा देणारा कायदा आपल्या देशात १९६१पासून आहे! तिच्या वाट्यास त्यातील एक दिवस तरी आला काय?

त्या काळात अनेक देवस्थानांनी अन्नछत्रे उघडली, हे आम्ही आदराने नमूद करतो. पण जेवणाऱ्या बाईचे नाव कोणत्या मजुरीच्या वहीत आहे, हे विचारावयाचे राहून गेले. बांधकाम कामगारांच्या कल्याणनिधीत तेव्हा सुमारे ५२ हजार कोटी रुपये पडून होते. त्यातून मदत द्यावी, असे केंद्राने राज्यांस २४ मार्चलाच कळविले. परंतु ती नोंदलेल्या कामगारांसाठीच होती. नोंदणीस वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नवऱ्याच्या हाती जोडीची मजुरी टेकविणारा मुकादम बाईला वेगळा दाखला कशास देईल?

मोजणी झाली म्हणजे काय उघड होते, ते बीडने दाखविले आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. २०१९ साली तेथील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ही दुखणी महामारीपूर्वीचीच होती. मोजली नव्हती म्हणून दिसली नव्हती. आणि टाळेबंदीत घराकडे निघालेले किती मजूर दगावले, याची माहिती आपणांपाशी नाही, असे २०२०च्या सप्टेंबरात सरकारने संसदेत सांगितले!

स्थलांतरित मजुरांचा १९७९चा कायदा पाच मजुरांच्या टोळीस लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या नव्या संहितेत ही संख्या दहा झाली. आठ बायांची टोळी कालपर्यंत आत होती. आज ती बाहेर आहे. याला सुधारणा म्हणावे काय?

कोणी म्हणेल, देवस्थानाचा मजुरीच्या वहीशी संबंध काय? आम्ही विचारतो, सभामंडपाची वाळू कोणाच्या डोईवरून वर चढली? गोव्यात जिला 'भायली' म्हणून बाजूस सारतात, तीच देवळाची गिलावा-चुन्याची पाटी वाहते. ठेकेदार चुकला तर मूळ मालकाने मजुरी व सोयी द्याव्या, असे १९७९चा कायदाच सांगत होता. आणि देवळाच्या बांधकामात मूळ मालक म्हणजे विश्वस्त मंडळच होय. जनाबाईच्या जात्याला हात लावणाऱ्या विठ्ठलाच्या भक्तांनी तरी हे काम आपले नव्हे म्हणू नये.

म्हणून विश्वस्तांस आमचे सांगणे आहे: बांधकामाचा ठेका देताना प्रत्येक बाईचे नाव वहीत लिहून घ्या, मजुरी तिच्याच हाती पडू द्या, पाणी, आडोशाचे शौचकूप, पोरांस सावली आणि औषध यांची अट करारात घाला, आणि नव्वद दिवस भरताच दाखला स्वतःच्या सहीने द्या. अन्नदानाचे पुण्य मोठे आहे खरे. पण ज्या बाईची मजुरी व दाखला आपण रोखून धरतो, तिलाच पुढे जेवू घालणे, हे दान नव्हे. ती थकलेल्या देण्याची लहानशी परतफेड होय.