मोरीच्या पाण्याचा नकाशा

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘बाग आणि बाई’ हा विषय ठरला, तेव्हा मंडळातल्या एकाने विचारले, "आपल्याकडे बाग म्हणजे केळीचीच ना?" त्याचेही बरोबर होते. रावेर-यावलच्या केळीला भाव असतो. मागच्या दारच्या बागेला नसतो, म्हणून तिला आपण नुसते परसदार म्हणतो.

या बागेची आखणी मोरीपासून सुरू होते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या जळगाव-धुळ्यात झाडांसाठी वेगळे पाणी कुठून आणायचे? भांड्यांचे पाणी बाहेर पडते तिथे अळू, त्याला लागून कर्दळ, पाणी जिरत जाईल तिथे शेवगा. माठाच्या ठिबकत्या थेंबांखाली पुदिना. पश्चिमेच्या कुडावर गिलक्याचा वेल, म्हणजे भाजी होते आणि उतरते ऊनही अडते. तुळशीवृंदावन असे, की चुलीपाशी बसून दिसावे. आणि निंबाची एक आडवी फांदी कुणी तोडायची नाही, कारण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचा झोका तिलाच बांधायचा असतो. सावली, वास, वाट, नजर, सगळ्याचा विचार झालेला. याला रचना म्हणायचे नाही तर कशाला?

इंग्लंडच्या गर्ट्रूड जेकिल (1843–1932) मुळात चित्रकार. दृष्टी अधू होत गेली तशा त्या बागांकडे वळल्या आणि सुमारे चारशे बागा आखल्या. त्यांचे नकाशे पुढे अमेरिकेतल्या बिआट्रिक्स फॅरंड यांनी विकत घेऊन जपले. फॅरंड स्वतः उद्यानरचनाकार. 1899 मध्ये तिथल्या उद्यानरचनाकारांची संस्था स्थापन करणाऱ्या अकरा जणांत त्या एकट्या बाई. आज ते कागद बर्कलेच्या विद्यापीठात आहेत.

आमच्याकडे कागदच नाही. जुन्या खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर. तिथे तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना ही मोगलांची बाग. तिच्याशी मुमताज महलचे नाव जोडले गेले ते 1631 मध्ये तिला आधी तिथे पुरले म्हणून! बागेत बाईची नोंद व्हायला तिने मरावे लागते, असा हा प्रकार. (चिडून लिहितो आहे, ठाऊक आहे.)

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि आप्तांनी उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी डोक्यावर घेतली आणि 1952 मध्ये, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी, पुस्तक निघाले. आता जळगावात त्यांच्या नावाचे उद्यान आहे. त्यांच्याच पिढीतल्या बायकांनी आखलेली परसदारे मात्र कुणी उतरवून घेतली नाहीत, आणि बाग गाण्यासारखी तोंडपाठही राहत नाही. एक उन्हाळा पाणी चुकले की संपली.

म्हणून या अंकात फुलांचे फोटो कमी आणि नकाशे जास्त आहेत. लेखकांना एवढेच सांगितले होते, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून तिचे परसदार कागदावर काढा. मीही काढले. धुळ्याच्या आमच्या घरामागे आता फरशी आहे, तिच्यावर दोन मोटारसायकली उभ्या असतात. आईने माझा कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि बोट ठेवले, "कढीलिंब इतला जोडे नव्हता रे. मुयं मोरीमा जातस." मी खोडून, दोन हात लांब, पुन्हा काढला.